दमट गरमीत फिरताना घामाचं गणित समजून घ्या
कोरड्या उन्हात घाम वाळतो आणि अंग गार होतं, पण दमट हवेत तो नीट वाळत नाही, नुसता निथळत राहतो, म्हणून तापमान ३२-३३ च दिसत असलं तरी जीव नको नको होतो. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस प्लॅन हलकाच ठेवा, शरीराला पूर्ण सवय व्हायला १-२ आठवडे लागतात आणि ट्रिप तर त्याआधीच संपते! पायी फिरणं सकाळी लवकर उरकायचं, दुपारी म्युझियम वगैरे. पाणी घोट घोट पीत राहा, पण दिवसभर घामाने भिजत असाल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठ पण जातं, म्हणून बॅगेत ओआरएसची पाकिटं ठेवाच (एक पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अंदाजपंचे नाही). लघवी गडद पिवळी दिसली की समजा पाणी कमी पडतंय. जाड जीन्स घरीच राहू द्या, सैल कपडे घ्या, मांड्या घासत असतील तर निघायच्या आधीच व्हॅसलीन लावा. आणि सोबतचं कोणी गरमीत असंबद्ध बोलायला लागलं किंवा चक्कर येऊन पडलं तर वाट बघत बसू नका, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच अँब्युलन्स बोलवा.