पॅडच्या पाकिटावर काय छापायचं आणि काय नाही

हे लिहितेय ते बचत गटांसाठी, गावातल्या छोट्या युनिटसाठी, आणि कॉलेजमधून कापडी पॅडचा उद्योग सुरू करणाऱ्या पोरापोरींसाठी. मशीन येतं, कच्चा माल येतो, पॅड चांगले बनायला लागतात, आणि पाकिटाचा विषय निघतो तो सगळ्यात शेवटी, तेव्हा पैसेही संपत आलेले असतात आणि वेळही नसतो, मग प्रिंटरवाला त्याच्याकडचं तयार डिझाइन दाखवतो, गुलाबी रंग, एक फुलपाखरू, मोकळ्या केसांच्या मुलीची आकृती आणि वर मोठ्ठं 'फक्त महिलांसाठी'. हो म्हटलं की छापून येतं आणि मग पुढची दोन वर्षं तेच चालतं. म्हणून प्रिंटरकडे जायच्या आधी वाचा.

न्यूट्रल पाकीट, म्हणजे वापरणारं माणूस बाई की पुरुष हे न सांगणारं पाकीट, म्हटलं की गटात कुणीतरी विचारणारच की हे काय नवीन फॅड, तर आधी तो वाद काय आहे ते थोडक्यात. ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनं सांगितलं की 'ऑल्वेज' पॅडच्या वेष्टनावरचं शुक्राचं चिन्ह, गोलाखाली क्रॉस असलेलं बाईचं चिन्ह, आम्ही काढतोय. हाच ब्रँड आपल्याकडे 'व्हिस्पर' म्हणून मिळतो. ट्रान्स पुरुषांनी (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेले, पण पुरुष असलेले) आणि नॉन-बायनरी लोकांनी (स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणारे) कंपनीला कळवलं होतं की पाळी आम्हालाही येते, आणि दर वेळी पॅड उघडताना ते चिन्ह समोर आलं की त्रास होतो. त्यावरून ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला, बहिष्काराचे हॅशटॅग चालले, बऱ्याच बायका म्हणाल्या की आम्हाला आमच्याच वस्तूवरून पुसताय.

दोन्ही बाजूंचं म्हणणं मला मनापासून ऐकण्यासारखं वाटतं. आपल्याकडे पाळीत देवघरात जाऊ देत नाहीत, लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाहीत, हे सगळं बाई आहे म्हणूनच होतं ना. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तो प्रश्न बोलताना बाई हा शब्द वगळून बोलून दाखवा, बोलताच येणार नाही. पण त्याच प्रश्नात हेही दिसतं की गर्भाशय काढलेल्या बाईला पाळी येत नाही आणि तरी ती बाईच असते. आणि दुसरीकडे दाढी राखलेला, पुरुष म्हणून नोकरी करणारा ट्रान्स माणूस असतो ज्याला पाळी येते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन घेतल्यावर बऱ्याच जणांची काही महिन्यांत थांबते, पण सगळेच हॉर्मोन घेत नाहीत, कुणाला परवडत नाही, कुणाला घ्यायचेच नसतात. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला, म्हणजे हे लोक कुठल्या तरी परदेशातले नाहीत, आपल्याच तालुक्यातल्या मेडिकलमधून पॅड घेणारे आहेत.

मला या वादात आणखी एक गोष्ट खटकते. त्याच ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं कायदा केला की पॅड आणि टॅम्पॉन (पाळीत योनीच्या आत ठेवायचा शोषक बोळा) यांच्या पाकिटावर आत काय काय घातलंय ते छापायलाच पाहिजे, अमेरिकेत असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. शरीराच्या सगळ्यात नाजूक जागेला तासन्‌तास चिकटून राहणारी वस्तू कशाची बनलीय हे तोपर्यंत सांगायची सक्ती नव्हती, आणि त्या बातमीवर चिन्हाच्या बातमीइतकं कुणी भांडलं नाही! म्हणून माझं म्हणणं असं की पाकीट हे वस्तूबद्दल असावं. ती कशासाठी आहे, किती मोठी आहे, कशाची आहे, कशी वापरायची, कुठं टाकायची. वापरणारं माणूस कोण आहे हे पाकिटानं सांगायची गरज नाही, ते त्या माणसाला माहीत असतं.

आता कामाला लागू.

पुढच्या बाजूला सगळ्यात मोठ्या अक्षरात 'पाळीसाठी पॅड' असं लिहा. 'फक्त महिलांसाठी', 'तिच्यासाठी', 'मुलींची मैत्रीण' हे काढा, पण पाळी हा शब्द अजिबात काढू नका. इथं बरेच जण घोळ घालतात. न्यूट्रल म्हणजे गुपचूप असं समजून कोरं पांढरं पाकीट करतात, बारीक अक्षरात 'हायजीन प्रॉडक्ट' लिहितात, आणि मग ते दुकानदाराच्या काळ्या पिशवीचंच काम करतं. आपल्याकडे अजून मेडिकलवाला पॅड कागदात गुंडाळून देतो, आधीच लपवलेल्या गोष्टीला आणखी लपवायला आपण पाकीट बनवत नाही. ट्रान्स पुरुषांची तक्रार बाईचं चिन्ह आणि बाईचं चित्र याबद्दल होती, पाळी या शब्दाला कुणाचा विरोध नव्हता. आणि ज्या मुलीला पहिल्यांदा पाळी आलीय आणि घरात सांगणारं कुणी नाही, तिला दुकानात हाच शब्द शोधायचा असतो.

त्याखाली साइज, आणि ती मिलिमीटरमध्ये. एल, एक्सएल, डबल एक्सएल एवढंच लिहिलं की नवीन माणसाला वाटतं ही कपड्यांची साइज आहे, आपण बारीक आहोत तर एक्सएल कशाला. ती खरं तर पॅडची लांबी असते. '२८० मिमी, जास्त स्रावासाठी' असं लिहिलं की प्रश्न मिटतो. सोबत थेंबांचं चित्र द्या, कमी स्राव एक थेंब, जास्त असेल तर तीन, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळतं. अमेरिकेत टॅम्पॉनवर रेग्युलर म्हणजे ६ ते ९ ग्रॅम, सुपर म्हणजे ९ ते १२ ग्रॅम असं शोषण्याचं माप ठरलेलं आहे, कुठल्याही कंपनीचं घ्या शब्दाचा अर्थ तोच. आपल्याला तसं करायचं तर निदान स्वतःच्या सगळ्या पाकिटांवर तरी एकच भाषा ठेवा.

रंगाबद्दल. न्यूट्रल करायचं म्हणून राखाडी आणि काळं करू नका, ते औषधासारखं दिसतं आणि गिऱ्हाईक घेत नाही. गुलाबीशीही वैर नाही, पण रंगाला काम द्या, म्हणजे दिवसाचा पॅड पिवळा, रात्रीचा गडद निळा, रोजचा पातळ पॅड हिरवा असं ठरवलं की दुकानात लांबून बोट दाखवून मागता येतं, आजींना चष्म्याशिवाय कळतं. फूल-फुलपाखराच्या जागी पॅडचंच साधं चित्र टाका, पंख असलेला, पंख नसलेला. शोषण दाखवायचं असेल तर लाल दाखवा, जाहिरातीतल्या निळ्या पाण्याची नक्कल करायचं काही कारण नाही.

मागची बाजू. सूचना लिहिताना मराठीत एक मोठी सोय आहे, 'चिकटवा, बदला, गुंडाळा, कचऱ्यात टाका' या क्रियापदांना लिंग लागत नाही, त्यामुळे सगळ्या सूचना अशाच ठेवल्या की न्यूट्रल करायला वेगळी कसरतच लागत नाही. 'थकलीस का?', 'बिनधास्त फिर, राणी' असली वाक्यं तेवढी काढायची. 'पाळी येणाऱ्या व्यक्तींनी' असं जड काही लिहायचीही गरज नाही, पाकिटावर कुणाला हाक मारावीच लागत नाही. दर चार ते सहा तासांनी बदला, स्राव जास्त असेल तर आधी, खाज किंवा पुरळ आलं तर वापर थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, हे आलंच पाहिजे. आणि कशाचं बनलंय ते थर सांगून लिहा, वरचा थर, शोषणारा थर, खालचा थर, गोंद, सुगंध घातला असेल तर तोही. 'बायोडिग्रेडेबल', 'केमिकल फ्री' हे टेस्ट रिपोर्ट हातात असल्याशिवाय छापू नका.

कायद्याचं जे लागतं ते पॅकेज्ड कमोडिटीज नियम २०११ प्रमाणे: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग किती, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सगळ्या करांसह एमआरपी, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ पासून शून्य आहे, आधी १२ टक्के होता, तेव्हा जुन्या हिशोबानं किंमत लावू नका. एकदा वापरून टाकायच्या पॅडसाठी मानक आयएस ५४०५ आहे, धुऊन वापरायच्या कापडी पॅडसाठी आयएस १७५१४, आणि आयएसआयचा शिक्का परवाना मिळाल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा आहे. छपाईआधी जवळच्या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) ऑफिसला फोन करून तुमच्या युनिटला काय काय लागू होतं ते विचारून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे कुणी बघत नाही, ते म्हणजे प्रत्येक पॅडचं आतलं वेष्टन आणि टाकायची पिशवी. घनकचरा नियम २०१६ मध्ये सॅनिटरी पॅड बनवणाऱ्यांनी प्रत्येक पॅडसाठी टाकायची पिशवी किंवा वेष्टन पाकिटासोबत द्यायचं असं सांगितलं होतं. त्यामागं पुण्याच्या कचरावेचक बायकांची लढाई आहे. 'स्वच्छ' संस्थेच्या बायकांनी २०१३ मध्ये वापरलेले पॅड गोळा करून थेट मोठ्या कंपन्यांना परत पाठवले होते, की बघा आम्हाला हे उघड्या हातानं उचलावं लागतं. पुढे २०१७ मध्ये त्यांनी रेड डॉट मोहीम काढली, पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उचलणारीला न उघडता कळेल. तर तुमच्या पिशवीवर तो लाल ठिपका छापूनच टाका, वेगळा खर्च काही येत नाही.

आणि हीच पिशवी ट्रान्स पुरुषाच्या सगळ्यात जास्त कामाची आहे. पुरुषांच्या टॉयलेटमध्ये कचऱ्याचा डबा नसतो. ऑफिसात, एसटी स्टँडवर, हॉस्टेलवर, कुठंच. वापरलेला पॅड खिशात घालून बाहेर यायचं म्हटलं तर पिशवी घट्ट बंद होणारी हवी, पारदर्शक नको, वास बाहेर न येणारी हवी. शिवाय आतलं वेष्टन चर्रर्र आवाज करणारं नको, शेजारच्या संडासात ऐकू जातं, आणि तिथं ऐकू जाणं म्हणजे काही वेळा मार खाणं असतं. मऊ कागदी किंवा न वाजणारं वेष्टन थोडं महाग पडतं पण ते घ्या, त्यावर चित्र-चिन्ह काही नको, फक्त साइज. सासरच्या एका खोलीच्या घरात, मोरीच्या पडद्यामागं पॅड बदलणाऱ्या सुनेलाही हे न वाजणारं वेष्टन हवंच असतं, आणि रात्रीच्या ट्रेनमधल्या मुलीलाही.

माहितीपत्रक मात्र वेगळी गोष्ट आहे, तिथं पाकिटाचा नियम लावू नका. शाळेतल्या मुलींसाठी असेल तर मुलींशीच बोला. 'अस्मिता' योजना २०१८ मध्ये आली ती जिल्हा परिषद शाळेतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींसाठी, पाच रुपयांत आठ पॅड, तिथं मुली हाच शब्द बरोबर आहे कारण शाळा बुडते ती त्यांची. सगळ्यांसाठीचं पत्रक असेल तर 'बायका, मुली आणि पाळी येणारे इतर सगळे' असं लिहा, जागा लागते थोडी, लागू दे. बायकांची नावं पुसून ट्रान्स लोकांना जागा करायची किंवा उलट, अशी वेळ कुठंच येत नाही.

गटात आक्षेप येईल, आणि तो रास्त असेल, की आम्ही बायकांनी रात्रंदिवस खपून हे बनवलं आणि पाकिटावर बाईच नाही? त्यांना मागची बाजू दाखवा. बनवणाऱ्याचं नाव कायद्यानंच छापावं लागतं, तर ते बारीक अक्षरात कोपऱ्यात कशाला, चांगलं ठळक करा, अमुक महिला बचत गट, गाव, तालुका, जिल्हा, सगळं. सगळ्यांना आवडलं तर गटाचा फोटोही टाका. बाई पाकिटावर असावी ती उद्योजक म्हणून, मोकळ्या केसांच्या आकृतीपेक्षा ते कितीतरी खरं आहे.

मोठी छपाई करायच्या आधी साध्या पाकिटावर स्टिकर लावून थोडे नग बाजारात सोडा. मेडिकलवाल्याला विचारा की गिऱ्हाईक कसं मागतं. पहिली पाळी यायची आहे अशा मुलीला पाकीट हातात द्या आणि तिला काय कळलं ते तिलाच सांगू द्या, मध्ये बोलू नका. ट्रान्स पुरुषाचं मत हवं असेल तर संस्थेमार्फत विचारा, त्याच्या वेळेचे पैसे द्या, नाव-गाव-कागद काही मागू नका. 'आतून कशाचं बनलंय' हा भाग मुद्दाम मोठ्यानं वाचून घ्या, कारण तिथंच लोक अडखळतात, 'सुपर अ‍ॅब्सॉर्बंट पॉलिमर' वाचता येत नाही, तर तिथं 'ओल शोषून धरणारी पावडर' असंही लिहा. आणि प्रूफ (छपाईआधीचा नमुना) आलं की एमआरपी, नग आणि फोन नंबर दोन वेगळ्या माणसांकडून तपासून घ्या, मगच प्रिंटरला हो म्हणा.