मुलीचा ब्रेक उशिरा लागायचा, त्यावर केलेला उपाय

मुलीचं लर्निंग लायसन्स आलं आणि शेजारच्या सीटवर बसून माझाच पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबू लागला. स्टिअरिंगवर हात छान, पण ब्रेक नेहमी उशिरा. ओरडून उपयोग नव्हता. उलट रस्ता सोडून ती माझ्याकडेच बघायची!

मग लक्षात आलं, तिची नजर बॉनेटपुढच्या दहा-पंधरा मीटरवर खिळलेली असते. ताशी 50 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते, म्हणजे दिसलं की पोचलोच. म्हणून तिलाच बोलायला लावलं. लांबवर दिसेल ते मोठ्यानं सांगायचं: "सायकल... सिग्नल पिवळा... त्या उभ्या गाडीचं दार उघडेल." शिवाय पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तिथून तीन सेकंद मोजायचे, त्याआधी आपण खांबाशी पोचलो तर अंतर कमी. पावसात आणखी वाढवायचं.

आठवडाभरात ब्रेक लवकर आणि हलका लागू लागला.

दुसरी चूक माझी. सरावाच्या वहीत सगळे तास दिवसाचे, ओळखीच्या रस्त्यावरचे. टप्प्याटप्प्यानं लायसन्स देणाऱ्या अनेक ठिकाणी नवख्या मुलांना रात्री आणि मित्रांना घेऊन गाडी चालवण्यावर बंधनं असतात, कारण धोका तिथे वाढतो. आता निम्मा सराव अंधारात करतो. मित्र मात्र अजून नाहीत. त्यावरून रोज वाद.