इंडी अवॉर्डसाठी अल्बम पाठवताय? या चुका टाळा

गाणी चांगली असतात, मिक्स सुरेख झालेलं असतं आणि एन्ट्री बाद होते ती फॉर्मवरच्या एका रकान्यामुळे. स्वतंत्र (इंडी) कलाकारांचे अल्बम मास्टर करतो, म्हणजे मिक्सनंतरचा आवाजाचा शेवटचा हात फिरवतो, त्यामुळे त्यांचे अवॉर्डचे फॉर्मही फिरून माझ्याकडेच येतात. दरवर्षी नावं नवी, चुका त्याच.

सगळ्यात जास्त चीड येते ती गीतकाराच्या रकान्यात बिनदिक्कत 'पारंपरिक' लिहिण्याची. एका बँडनं आठ गाण्यांचा अल्बम केला, त्यात एक कोळीगीत. गिटारवर जोरकस बांधलेलं, मध्ये ढोलकी. गाणं कुणाचं, असं विचारल्यावर गायक म्हणाला, "आमची आजी म्हणायची, लोकगीत आहे." गाणं होतं 'मी डोलकर'. शब्द शांता शेळक्यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. मी सांगितलं, पण मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, त्यांनी तसंच पाठवलं. ज्युरीतल्या एका बाईंनी पहिल्याच ओळीला ओळखलं. आयोजकांनी परवानगीचा कागद मागितला, तो नव्हता आणि अख्खा अल्बम बाद झाला. उरलेली सात गाणी त्या पोरांची स्वतःची होती. त्यातली दोन मी अजून ऐकतो.

आपल्याकडे शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो. शांताबाई 2002 साली गेल्या, म्हणजे हा हक्क 2062 संपेपर्यंत आहे. अभंगांचीही तीच गत. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. पण 'अभंग तुकयाचे'मध्ये लताबाईंच्या आवाजात ऐकलेल्या चाली श्रीनिवास खळ्यांच्या, आणि खळेकाका गेले 2011 साली. "अभंगाला कसली आलीय परवानगी?" म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, चाल कुणाची? उत्तर मिळेपर्यंत फॉर्म भरायला घेत नाही.

दुसरी चूक एन्ट्री गेल्यानंतरची, आणि ती हल्ली फार वाढलीय. ग्रॅमीला एन्ट्री पाठवता येते ती हा पुरस्कार देणाऱ्या अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग अकॅडमीच्या सभासदांना किंवा तिथे नोंदणी असलेल्या कंपन्यांना. एन्ट्री पात्र ठरली की पहिल्या फेरीच्या मतपत्रिकेवर येते. तिथे खच असतो. त्या मतदानातून नामांकनं ठरतात, बहुतेक विभागांत पाच. पण मतपत्रिकेवर नाव दिसलं की आपली मंडळी 'ग्रॅमी नॉमिनी' असं पोस्टर करून मोकळी, गावच्या पेपरात फोटोसुद्धा. बेंगळुरूचा संगीतकार रिकी केज याला 2015, 2022 आणि 2023 अशा तीन वर्षी ग्रॅमी मिळालं. नामांकन आणि विजय दोन्ही अकॅडमीच्या साइटवर कुणालाही पाहता येतात. तुमचंही नाव लोक तिथेच शोधणार. फेस्टिव्हलवाल्यानं शोधलं आणि सापडलं नाही, तर तुमच्या खऱ्या गोष्टींवरही तो विश्वास ठेवणार नाही. विचारार्थ पाठवलंय, एवढं लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

पात्रतेची अट आधी वाचा. पोलॅरिस पुरस्कार कॅनडाच्या कलाकारांसाठी आहे, मर्क्युरी पुरस्कार ब्रिटन-आयर्लंडच्या. नागपूरहून तिथे मेल करून उपयोग नाही. ग्रॅमीच्या लेखी अल्बम म्हणजे निदान पाच वेगळी गाणी आणि 15 मिनिटं, नाहीतर एकूण 30 मिनिटं. तीन गाण्यांच्या ईपीला, म्हणजे अल्बमहून छोट्या संचाला, अल्बम म्हटल्यानं तो अल्बम होत नाही.

एन्ट्री फी असणं गैर नाही. पण न मागता "तुम्ही जिंकलात" असा मेल आला आणि खाली ट्रॉफीचे पैसे मागितले, तर तो मेल उडवा. अशा ट्रॉफीला संगीतातलं कुणीही विचारत नाही.

डिस्ट्रिब्युटर (गाणी ऑनलाइन ॲप्सवर पोचवणारी कंपनी) बदलून गाणी पुन्हा चढवताना जुनाच आयएसआरसी द्या. हा 12 अक्षरी कोड त्या रेकॉर्डिंगची ओळख आहे. नवा कोड आणि नवी तारीख पडली की जुनं गाणं नवं असल्यासारखं दिसतं, आणि रिलीजची तारीख तपासली गेली की खुलासे देत बसावं लागतं.

एमपीथ्री फाइलची वेव्ह फाइल करून पाठवू नका. एमपीथ्री करताना गेलेला आवाज परत येत नाही. ज्युरीसाठीची लिंक दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता उघडून बघा. दीड मिनिट नुसता पाऊस वाजणारा ट्रॅक पहिला ठेवू नका. आणि शेवटच्या रात्री फॉर्म भरायला माझ्याकडे येऊ नका. वर्षभर गाण्यावर घाम गाळणाऱ्याला कागदासाठी एक दुपार काढता येत नाही, हे मला पटत नाही.

श्रेयनामावलीसाठी माझी पद्धत अशी: वादक वाद्य पिशवीत घालायच्या आधी त्याच्याकडूनच वहीत पूर्ण नाव, वाद्य आणि गाणं लिहून घ्यायचं, इंग्रजी स्पेलिंगसकट. नंतर फोन करून विचारू म्हटलं की संबळवाला 'इतर' होतो, आणि ज्या गाण्याला अवॉर्ड मिळतं ते नेमकं संबळेवर उभं असतं.