शाळेत ओपन सोर्स आणताना आधी जुन्या फायली उघडून बघा

शाळेत ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणारं सॉफ्टवेअर आणायचं म्हटलं की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, सगळ्या संगणकांवर विंडोजच्या जागी लिनक्स ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टम टाका. तो ऐकू नका. ऑपरेटिंग सिस्टम सगळ्यात शेवटी बदलायची. आधी आहे त्याच विंडोजवर वर्ड-एक्सेलची कामं करणारं लिबरऑफिस, इंटरनेटसाठी फायरफॉक्स आणि लहान वर्गांसाठी चित्रं काढायचं टक्स पेंट, शैक्षणिक खेळांचं जीकॉम्प्री टाका. मुलं दोन तासिकांत सरावतात.

घोडं अडतं ते शिक्षकांच्या आणि कार्यालयाच्या जुन्या फायलींपाशी. पहिल्या वेळी मी थेट लिनक्स टाकलं आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर गेली. तक्ते सरकले, आकृत्या भलतीकडेच. 'फुकटातलं असंच असतं' हा शिक्का तेव्हा बसला तो वर्षभर निघाला नाही. चूक माझी होती. फाइल कॅलिब्रीत होती, लिनक्सवर तो फॉन्ट नव्हता, आणि त्याच्या जागी आलेला फॉन्ट रुंद होता. कार्लिटो या मोफत फॉन्टची अक्षरं नेमकी कॅलिब्रीच्याच रुंदीची असतात. कँब्रियाला कॅलाडिया, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनला लिबरेशनचे फॉन्ट चालतात. हे आधी टाका, मगच फाइल उघडा.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला कोड. त्याच्या आधीच्या मराठी फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर अगम्य दिसतो. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं स्वतः वाचून तपासा. कन्व्हर्टरवर डोळे मिटून विसंबू नका.

सगळ्यात जास्त वेळ निकालपत्रकांना द्या. एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली, लिबरऑफिस कॅल्कमध्ये सगळेच चालतात असं नाही. मागच्या परीक्षेचे गुण घालून बेरजा आणि श्रेणी जुन्या निकालाशी ताडून पाहा. हे काम सुट्टीतच करा, आणि एक पूर्ण परीक्षा पार पडेपर्यंत कार्यालयातला एक संगणक जुन्या सोयीसकट तसाच राहू द्या. यावर मी तडजोड करत नाही.

फायली लिबरऑफिसच्या ओडीटी (मजकूर), ओडीएस (तक्ते) या प्रकारांत ठेवा. २००६ पासून हे आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करून. एकच फाइल वर्डच्या डॉक्एक्स आणि ओडीटीत आलटून पालटून सेव्ह केली की मांडणी हळूहळू बिघडते.

एवढं झालं की लिनक्सचा लिनक्स मिंट हा प्रकार पेन ड्राइव्हवरूनच चालवून प्रिंटर, प्रोजेक्टर, वायफाय तपासा आणि मग इन्स्टॉल करा. जुन्या संगणकांना मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. ॲडमिनचा पासवर्ड किमान दोन शिक्षकांकडे द्या.