कॅलिफोर्निया बघायचाय ना, मग गाडी आडवी मारा

कुणाचे आईबाबा इकडे आले की सगळे एकच करतात, सॅन फ्रान्सिस्कोतून हायवे वन धरायचा आणि समुद्राच्या कडेकडेने एलएला, म्हणजे लॉस एंजेलिसला जायचं. रस्ता झकास आहे, वाद नाही, पण त्याने हे राज्य कळत नाही. इथे सगळं उभ्या पट्ट्यांत आहे, समुद्र, किनाऱ्याचे डोंगर, सेंट्रल व्हॅली, सिएरा नेवाडाची डोंगररांग आणि पलीकडे वाळवंट, आणि प्रत्येक पट्ट्याचा इतिहास वेगळा. म्हणून पश्चिमेकडून पूर्वेला जायचं. चारेक दिवस काढा.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्को एअरपोर्टवरूनच करा. हायवे 280 वरून दक्षिणेला निघालात की उजव्या हाताला लांबट तळी दिसतात, अगदी एका रेषेत. ती चक्क सॅन अँड्रियास फॉल्टवर, म्हणजे भूकंप घडवणाऱ्या जमिनीतल्या भेगेवर आहेत! 18 एप्रिल 1906 ला हाच फॉल्ट सरकला आणि शहर पडलं, उरलेलं आगीत गेलं. वेळ असेल तर पॉइंट रेयेसला जा, तिथे तेव्हा एक कुंपण तुटून जवळजवळ 5 मीटर बाजूला गेलं होतं, ते तसं उभं करून दाखवलंय. आणि हो, जुलै असला तरी जॅकेट घ्या, समुद्र गार आहे आणि धुकं बेक्कार. मी नाही घेतलं, मग टुरिस्ट दुकानातून महागडा स्वेटशर्ट घ्यावा लागला.

किनारा म्हणजे स्पॅनिश लोकांचा पट्टा. 1769 ते 1823 मध्ये त्यांनी 21 मिशन, म्हणजे धर्मप्रसारासाठीची चर्च-वसाहती बांधल्या, सॅन डिएगोपासून सोनोमापर्यंत, पण आत फारसे शिरलेच नाहीत. लोंढा आत आला तो सोन्यामुळे. त्यासाठी हायवे 50 ने सॅक्रामेंटो ओलांडा (व्हॅलीत एसी फुल, बदामाच्या बागांशिवाय फार काही नाही), प्लेसरव्हिलहून 49 वर वळा आणि कोलोमाला थांबा. 24 जानेवारी 1848 ला इथे लाकडाच्या गिरणीच्या चरात जेम्स मार्शलला सोनं दिसलं, आणि बरोबर 9 दिवसांनी मेक्सिकोने तहावर सही करून हा मुलुख अमेरिकेला दिला, सोन्याची बातमी त्यांना कुठे माहीत होती! 1850 ला राज्य झालंसुद्धा. मूळच्या लोकांची मात्र वाट लागली, रोगराई आणि सरळसरळ कत्तली, अंदाजे दीड लाखाचे 1870 पर्यंत 30 हजारांच्या आसपास राहिले. सोनं चाळायला मुलांना मजा येते, पण हेही सांगा त्यांना.

पुढे टाहो तळ्यावरून घाट उतरून हायवे 395 धरा. इथून हवा एकदम कोरडी, ढग सिएरावरच रिकामे होतात, आपल्याकडे महाबळेश्वर आणि माण-खटावचं आहे तसंच. या पट्ट्याची गोष्ट पाण्याची. 1913 ला लॉस एंजेलिसने ओवेन्स व्हॅलीचं पाणी कालव्याने पळवलं, तळं आटलं, धुळीचे लोट सुरू झाले. हिवाळ्यात घाट बर्फाने बंद असतात, आधी चेक करा, आणि पेट्रोल बिशप गावात फुल करून घ्या.

लोन पाइन गावातून 4,421 मीटरचा माउंट व्हिटनी दिसतो, तिथून दोन-तीन तासांत डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली. उन्हाळ्यात मात्र इकडे फिरकू नका. गाडी लावून उतरलात की पांढऱ्या मिठाचे फोटो सगळेच काढतात, तुम्ही मागे वळून कड्यावर बघा, खूप वर एक छोटी पाटी दिसेल, ‘सी लेव्हल’ लिहिलेली. बाबा तिथे मान वर करून उभे राहिले ते हलेचनात.