वजन कमी करायचंय नं तर्री पोहे बी खायचेत? असं जमवा
तर्री पोहे, म्हणजे चण्याचा तिखट तेलकट रस्सा ओतलेले पोहे, कायमचे बंद केले की नंतर माणूस डबल हाणतो, म्हणून बंद नको करू भाऊ, रविवार ठरवून टाक. तर्री पोह्यांवर ओतू द्यायची नाही, वाटीत वेगळी मागायची, वर तरंगणारं लाल तेल चमच्याने बाजूला सारून खालचे चणे घ्यायचे, चव बी राहते नं प्रोटीन बी. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी, प्रोटीन किंवा कार्ब्समध्ये ४, म्हणजे खरा हिशोब तेलाचाच. सावजीत, म्हणजे नागपुरी झणझणीत मटण-चिकनात, रस्सा कमी, पीस जास्त. संत्रा बर्फी एक तुकडा, डबा घरी आणायचाच नाही बाप्पा! बाकी दिवस ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरण. आणि सोमवारी उपाशी-बिपाशी राहू नको, संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर गेला की समोशावर तुटून पडशील.