नालदेहऱ्याला गोल्फ खेळायला जाताय? मग बॅग भरण्याआधी हे वाचा

शिमल्याला जाणारे आपले लोक मॉल रोड, कुफरी आणि जाखूचं मंदिर करून परत येतात, आणि तिथून जेमतेम बावीस-तेवीस किलोमीटरवर देवदारांच्या जंगलात एक सरकारी गोल्फ कोर्स आहे, जिथे मेंबर नसलात तरी ग्रीन फी भरून खेळता येतं, हे खूप जणांना माहीतच नसतं. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होता तेव्हापासूनची ही जागा, त्याला इतकी आवडली की 1904 मध्ये झालेल्या मुलीच्या नावात त्याने नालदेरा, म्हणजे या जागेचंच नाव, घातलं. उंची दोन हजार मीटरच्या वर. पार 68, म्हणजे चांगल्या खेळाडूने अठरा होल 68 फटक्यांत पूर्ण करायचे, त्या मानाने कोर्स तसा छोटा. पण छोटा म्हणून सोपा समजू नका. इथे ताकदीचं काही काम नाही, उतार आणि झाडं हाच खरा पेपर आहे, त्यामुळे तयारीही त्या हिशोबाने करायची, घरून सगळं उचलून न्यायची नाही.

आधी तारखा ठरवा. मे-जूनमध्ये हवा मस्त असते पण सगळा उत्तर भारत शिमल्यात असतो, ढली-मशोब्राच्या रस्त्यावर गाडी अडकली की टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, गेलाच, त्यामुळे सीझनला जाणार असाल तर मुक्काम शिमल्यात न करता मशोब्रा किंवा नालदेहऱ्यातच करा, हिमाचल पर्यटन महामंडळाचं (एचपीटीडीसी) गोल्फ ग्लेड हॉटेल तिथे आहेच. जुलै-ऑगस्ट सोडा, पावसात हिमाचलचे रस्ते कधी बंद पडतील सांगता येत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी बर्फ पडू शकतो. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, आकाश धुतल्यासारखं असतं आणि गर्दीही कमी. निघायच्या आदल्या आठवड्यात फोन करून कोर्स चालू आहे ना आणि भाड्याने क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, मिळतायत ना ते विचारून घ्या, आणि फीचे पैसे रोख जवळ ठेवा, डोंगरात नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

आता सामान. नियमाने चौदा क्लब चालतात म्हणून चौदा नेलेच पाहिजेत असं नाही हो. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, घरी ठेवा, खरंच ठेवा, इथे सरळ दीडशे यार्ड मारणारा माणूस वाकडा अडीचशे मारणाऱ्याला आरामात हरवतो. लांबच्या फटक्याला एक हायब्रिड, मधल्या अंतरांना 5 ते 9 नंबरमधल्या तीन-चार आयर्न, जवळून उंच उचलायला दोन वेज आणि ग्रीनवर बॉल ढकलायला पटर, झालं. देवदारांच्या फांद्यांखालून बॉल कमी उंचीने मारून बाहेर काढायला 5 किंवा 6 नंबरची आयर्न लागतेच, तेवढा विसरू नका. हलकी स्टँड बॅग घ्या, चाकांची ट्रॉली उतारावर नुसता वैताग देते. बॉल मात्र भरपूर, आणि नवे महागडे नकोत, दरीच्या बाजूला गेलेला बॉल शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात तो मिळत नाही. क्लब विमानाने नेणार असाल तर चंदीगडला उतरून पुढे टॅक्सी करा, कालका-शिमला टॉय ट्रेनचा प्रवास सुंदर आहे पण त्या छोट्या डब्यात गोल्फ बॅग ठेवायची कुठे. आणि ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी अ‍ॅव्होमीनची गोळी निघायच्या आधी घ्यावी, परवाणूला घाट सुरू झाल्यावर नाही.

निघायच्या महिनाभर आधीपासून चालायची सवय करा. इथे पायीच खेळायचं आहे असं धरून चला, आणि होल सतत वर-खाली जातात. पुण्याचे असाल तर दोन-चार रविवार सिंहगड पायी चढा, मुंबईकरांनी सोसायटीचे जिने. ड्रायव्हिंग रेंजच्या, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावरच्या, सपाट मॅटवर शंभर बॉल मारून इथली प्रॅक्टिस होत नाही, त्यापेक्षा एखादी उतरती जागा शोधून बॉल पायाच्या वर असताना आणि खाली असताना कसा जातो ते बघा. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा बॉल पायाच्या वर असेल तर डावीकडे पळतो, खाली असेल तर उजवीकडे, एवढं अंगवळणी पडलं तरी चार-पाच शॉट वाचतात. वर हवा विरळ असल्याने बॉल साधारण दहा टक्के लांब जातो, म्हणजे मुंबईत 140 यार्ड जाणारा 7 नंबर तिथे दीडशेच्या पुढे, आणि होल खाली उतरत असेल तर आणखी लांब, पण सकाळच्या थंडीत बॉल पुन्हा थोडा आखडतो. म्हणून पहिल्या दोन-तीन होलला स्कोअर विसरा आणि फक्त अंतराचा अंदाज घ्या.

कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा आणि कुठे मारायचं ते सांगणारा माणूस, घ्याच. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, डोळ्याला वाटतं एक आणि बॉल वळतो भलतीकडे, डोंगर आजूबाजूला असला की सपाटी कुठली तेच कळेनासं होतं, आणि तिथल्या पोरांना प्रत्येक उतार पाठ असतो. भैया, कहाँ मारूँ, असं विचारा आणि तो म्हणेल तिथेच मारा, वाद घालू नका. देवदाराच्या सुया बॉलभोवती असतील तर हाताने बाजूला करता येतात, पण ग्रीनच्या बाहेर तसं करताना बॉल हलला तर एक शॉटचा दंड, तेव्हा जपून. फिरायचे घोडे असतात त्या भागात, त्यांची लीदही नियमात त्याच सुयांच्या वर्गात मोडते, उचला किंवा ढकला, तुमची मर्जी.

कपड्यांचं सोपं आहे, पातळ-पातळ तीन थर, सकाळी अंगावर आणि अकरानंतर बॅगेत. सॉफ्ट स्पाइकचे वॉटरप्रूफ शूज, कारण सकाळी दव असतं, आणि मोजे दोन जोड. थंड वाटतं म्हणून सनस्क्रीन टाळू नका, उंचीवर ऊन जास्त भाजतं, संध्याकाळी नाक सोललेलं दिसतं. पाणी एक लिटर तरी, सोबत चिक्की नाहीतर राजगिऱ्याचे लाडू, पण चेन बंद असलेल्या कप्प्यात, शिमल्याकडची माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. दुपारनंतर ढग जमून गडगडायला लागलं तर खेळ तिथेच थांबवा आणि झाडाखाली उभं न राहता सरळ इमारतीत जा, लोखंडी काठी हातात घेऊन उंच देवदाराखाली थांबणं म्हणजे विजेला पत्ता देणं. शक्यतो सकाळचा पहिलाच टी टाइम घ्या, कोर्सच्या मधोमध महूनागाचं जुनं मंदिर आहे, तिथे जाणारे लोक आणि पर्यटक उशिरा यायला लागतात, त्यांच्या दिशेने बॉल गेला तर जोरात ओरडायची लाज बाळगू नका.

दुपार मोकळी राहिली तर तोच रस्ता पुढे सतलजकाठी तत्तापानीला उतरतो, जुने गरम पाण्याचे झरे कोल धरणाच्या पाण्यात गेले तरी तिथे गरम पाण्यात बसायची सोय अजून आहे, दुखरे गुडघे त्यात बुडवायला हरकत नाही, तेव्हा एक टॉवेल आणि कोरड्या कपड्यांचा जोड गाडीतच ठेवा.